‘म्हाका वळखना?’ : दारावर बसणाऱ्यांचे अनुभव

दोडामार्गकर
पणजीला पाटोच्या बाजूला एका ऑफिस इमारतीत खालच्या टेबलावर सिक्युरिटी म्हणून बसतो. अकरा वर्षं झाली. काल एक गृहस्थ तरातरा लिफ्टकडे निघाले. म्हटलं, "साहेब, जरा नोंद करून जा." ते थांबले, मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "म्हाका वळखना?"

नव्हतो ओळखत. ओळखत असतो तरी वही पुढे केलीच असती.

गोवा एवढंसं. इथे प्रत्येक जण कोणाचा तरी भाऊ, भाचा, नाहीतर शेजारी असतोच, त्यामुळे हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी कानावर पडतं. ज्याला खरंच कोणी ओळखतं तो मात्र गुपचूप सही करून वर जातो, हा माझा अनुभव. वहीची तर वेगळीच तऱ्हा. ‘काम’ या रकान्यात बहुतेक जण ‘पर्सनल’ लिहितात. मोबाईल नंबर नऊ आकडी. येण्याची वेळ सगळे लिहितात, जाण्याची कोणी लिहीत नाही. उद्या आग लागली तर आत किती माणसं अडकलीत हे त्याच रकान्यावरून मोजायचं आहे, म्हणून संध्याकाळी मीच एकेकाला आठवून वेळा भरतो. सीसीटीव्ही बघून भर, असं सांगणारे आहेत. तेवढ्या वेळात दारावर कोण बसणार?

दारावर काम करणाऱ्यांनी इथे आपापलं लिहावं. मोठा प्रसंगच पाहिजे असं नाही.

सत्तरीचा फौजी
सैन्यातून निवृत्त होऊन वाळपईला आलो आणि वर्षभरात या कामाला लागलो. लोकांना वाटतं गणवेश चढवला की झाला गार्ड. 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सींच्या कायद्याखाली जे नमुना नियम आले त्यांत नव्या माणसाला 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष, असं किमान 20 दिवसांचं प्रशिक्षण सांगितलंय. आम्हा माजी सैनिकांना थोडक्यात, 40 आणि 16 तास. माझ्या हाताखाली आलेल्या पोरांना विचारलं, किती दिवस शिकलात? एक म्हणाला, "सर, फोटो काढला, बूट दिले."

म्हणून त्यांना मीच शिकवतो, आणि सुरुवात फायर पॅनलपासून, म्हणजे धूर ओळखणारे डिटेक्टर जोडलेली आगीच्या इशाऱ्याची पेटी. भोंगा वाजला की आधी कुठला झोन दाखवतोय ते बघायचं. आवाज बंद केला तर केला, पण जागेवर जाऊन डोळ्यांनी बघितल्याशिवाय रिसेट मारायचं नाही. पहिल्या पावसात पंखवाले किडे डिटेक्टरमध्ये शिरतात, पॅनल बोंबलतं. खंडेनवमीला तर एका ऑफिसने आयुधपूजेचा धूप बरोबर डिटेक्टरखाली लावला होता. चार वेळा खोटं निघालं की पाचव्या वेळी पाय उचलत नाही. तो उचलायला लावणं हेच खरं प्रशिक्षण.

केप्याची बाय
मडगावला मॉलच्या दारावर आहे. बायकांची झडती बाईनेच घ्यायची असते म्हणून आमची भरती होते, आणि मग एका शिफ्टला एकच बाई ठेवतात. म्हणजे मी बाथरूमला गेले की पडद्याआडचा पॉइंट रिकामा. सुपरवायझर विचारतो, "इतका वेळ?" मी पाणी कमी प्यायला लागले. मग डॉक्टरकडे जाऊन यायला लागले. आधीच्या जागी तर खुर्चीसुद्धा काढून नेली होती, बसलेला गार्ड बरा दिसत नाही म्हणून. जागेचं नाव लिहीत नाही. बारा तास उभं राहून बघा एकदा.

एक चांगलं सांगते. हरवलेलं मूल सापडलं की मी त्याला माझ्याजवळच ठेवते. घ्यायला कोणी आलं की मुलाला पुढे करायचं नाही, आधी विचारायचं, चड्डी कुठल्या रंगाची, चपला कसल्या. एकदा मुलाचे वडीलच भडकले. रंग काही सांगता येईना! मागून आई धावत आली आणि एका दमात केसांच्या क्लिपपर्यंत सगळं सांगितलं. वडिलांचा राग जाईना, पण बाईने माझा हात घट्ट धरला होता.

कळंगुट रातपाळी
आमच्या कॉम्प्लेक्समध्ये अर्धे फ्लॅट सुट्टीला भाड्याने जातात. मालक मुंबईत नाहीतर दिल्लीत, चावी माझ्याकडे. रात्री अडीचला टॅक्सी येते, पाहुणे टाइट, फोनवर कुठलंतरी बुकिंग, इमारत भलतीच. परदेशी पाहुणा असला तर जागा देणाऱ्याने 24 तासांच्या आत सरकारकडे त्याची ऑनलाइन नोंद करायची असते, पूर्वी तिला सी फॉर्म म्हणायचे. ते मालकाचं काम. पण पासपोर्टचा फोटो मागायचा मी, आणि पाहुण्याच्या शिव्या खायच्या त्याही मीच. वर राहणारे आजी-आजोबा सकाळी मलाच विचारतात, रात्री एवढा दंगा कसा होऊ दिलास?

पहाटे पाववाल्या पोदेराच्या सायकलचा भोंपू वाजला की समजायचं, सुटलो. आधी त्याच्याकडून दोन उंडे (गोल पाव) घेतो, मग चार्ज देतो.

साधा रहिवासी
राग मानू नका, पण आमच्या इमारतीचा वॉचमन रात्री एकला गाढ झोपलेला असतो. मेंटेनन्स आम्ही भरतो.

कळंगुट रातपाळी
झोपत असेल. रिलीव्हर आला नाही म्हणून तो सकाळपासून डबल ड्युटीवर आहे का, एवढं एकदा विचारा. डबल असेल तर सोसायटीच्या सेक्रेटरीला धरा, नसेल तर त्याला.

पर्वरी, पाचवा मजला
मी गार्ड नाही, पण लिहिते. मे 2021, तौक्ते वादळाचा रविवार. झाडं कोसळत होती, वीज गेलेली, जनरेटरही थोड्या वेळाने बंद पडला. आई ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर, तेव्हा कोविड भरात होता. खालचा गार्ड डिचोलीचा, वयाने साठीकडे झुकलेला. त्याने कधीतरी सहज विचारून ठेवलं होतं की कुठल्या घरात आजारी माणूस आहे, आणि वहीच्या मागच्या पानावर फ्लॅट नंबर लिहून ठेवले होते. मी दार उघडायच्या आत तो टॉर्च घेऊन वर. भरलेला सिलिंडर तळमजल्यावर होता. तो आणि समोरचा मुलगा, दोघांनी मिळून अंधारात पाच मजले चढवला. नंतर पैसे द्यायला गेले तर म्हणाला, "बाय, ते राहू दे. पंपाच्या खोलीत पाणी येतं, तेवढं कमिटीला सांगा."

सांगितलं. अजूनही येतं.

फोंड्याचा लिफ्टवाला
मी लिफ्ट दुरुस्तीला जातो, म्हणून गार्ड मंडळींना हात जोडून सांगतो. लिफ्ट अडकली की पहारीने दार फाकवायला जाऊ नका. दोन मजल्यांच्या मध्ये थांबलेल्या केबिनमधून उडी मारणारा माणूस खालच्या खड्ड्यात पडू शकतो. आतल्या माणसाशी बोलत राहा, हवा येते हे सांगा, मेन बंद करा आणि आम्हाला फोन लावा. एका गार्डने आतल्या बाईंना अर्धा तास शिगम्याची गाणी म्हणून दाखवली होती. बाहेर आल्यावर त्या माझ्यावर ओरडल्या, त्याला चहा पाजला.

म्हापश्याचा नवा
दोनच महिने झालेत. एक विचारायचं आहे. "हे अमक्या साहेबांना द्या" म्हणून कोणी पार्सल ठेवून जातं, ते ठेवून घ्यावं का?

दोडामार्गकर
नको. आधी वर इंटरकॉम लाव, साहेब हो म्हणाले तर ठेव, नाहीतर आणणाऱ्यालाच परत ने म्हणून सांग. मी एका शनिवारी दुपारी थर्माकोलचा डबा ठेवून घेतला होता. चिकटपट्टीने बंद केलेला, वर नुसतं साहेबांचं आडनाव. साहेब त्या दिवशी आलेच नव्हते. रविवारी इमारत बंद. सोमवारी सकाळी आठला कुलूप काढलं तर लॉबीत पाऊल टाकवेना. सुंगटां, म्हणजे कोळंबी होती, बर्फ केव्हाच वितळून पाणी टेबलाखालून वाहत दारापर्यंत आलेलं. फिनेलच्या तीन बाटल्या संपल्या, वास गुरुवारपर्यंत होता. तेव्हापासून आमच्या वहीत शेवटचा एक रकाना मी पट्टीने आखून घेतलाय: ‘पिशवीत काय?’ तिथे मात्र कोणी ‘पर्सनल’ लिहिलं तर मी चालवून घेत नाही.