वडिलांच्या छापखान्यातल्या नमुन्यांची पोती: काय ठेवू, काय देऊ?

साखरपेठ
नमस्कार मंडळी. सोलापुरात साखर पेठेत आमचा छापखाना होता. पायाने चालवायचं ट्रेडल मशीन विकून झालं, खिळे म्हणजे शिशाची अक्षरं वजनावर गेली, आता जागा रिकामी करून द्यायची आहे. माळ्यावरून कागदाची पोती खाली काढली. प्रत्येक कामाचा एक नमुना तारेला टोचून ठेवायचा, ही बाबांची शिस्त. तार भरली की सुतळीने बांधून पोत्यात टाकायचे. लग्नपत्रिका, विडीच्या कट्ट्यांची लेबलं, चादरीच्या गठ्ठ्यांवरची तिकिटं, पावतीपुस्तकं, गड्ड्याच्या जत्रेतल्या खेळांची हँडबिलं, मिल युनियनची पत्रकं, दहाव्या-तेराव्याची कार्डं, सगळं आहे. मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडही, थोडं उर्दू. पुस्तकं म्हणावीत अशी फारच थोडी: दोन कवितासंग्रह, एक अभंगांचं, काही स्मरणिका.
भाऊ म्हणतो, पुस्तकं ठेवू, बाकी रद्दीला देऊन टाकू. मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते त्याला नीट सांगता येत नाहीये. जाणकारांनी सांगावं.

केसरूम
ताई, रद्दीवाल्याला आज बोलावू नका. मी उमेदीची सगळी वर्षं खिळे जुळवण्यात घालवली. डोळे गेले तसं ते काम सुटलं आणि छपाईचा इतिहास वाचायचा नाद लागला. त्यातलं एक उदाहरण भावाला सांगा.
इंग्लंडच्या अगदी उत्तरेला, नॉर्थम्बरलंडमध्ये अ‍ॅनिक नावाचं लहान गाव आहे. तिथे विल्यम डेव्हिसन (1781–1858) हा माणूस औषधांचं दुकान चालवायचा. दुकानाला जोडून त्याने छापखाना घातला. 1808 साली जॉन कॅटनॅक या भागीदाराबरोबर त्याने रॉबर्ट बर्न्सच्या कविता दोन खंडांत काढल्या. चित्रं थॉमस ब्यूइकच्या लाकडी ठशांवरून. ब्यूइक म्हणजे न्यूकॅसलचा, त्या काळातला या कामातला सर्वांत मोठा कारागीर. ग्रंथप्रेमी आजही डेव्हिसनचं नाव घेतात ते आधी या दोन खंडांसाठी.
पण छापखान्याची चूल बर्न्सवर पेटत नव्हती. याच माणसाने पोरांसाठी अर्ध्या पेनीची चित्रांची चिमुकली पुस्तकं छापली, फेरीवाल्यांनी खेडोपाडी विकायची स्वस्त गोष्टींची पुस्तकं छापली, गाणी, जाहिराती, गावाचा इतिहास छापला आणि म्हातारपणी, 1854 मध्ये, ‘अ‍ॅनिक मर्क्युरी’ हे वर्तमानपत्र सुरू केलं. शिवाय चित्रांचे आणि नक्षीचे ठसे धातूत ओतून तो दुसऱ्या छापखान्यांना विकायचा. त्या ठशांचा नमुनाग्रंथच त्याने काढला. घोडा, जहाज, बोधचिन्हं, फुलांच्या चौकटी, कुणाला काय लागेल ते त्यात आहे.
नुसते बर्न्सचे खंड उरले असते तर आपण त्याला उच्च अभिरुचीचा प्रकाशक म्हणून मोकळे झालो असतो. गाव काय विकत घेत होतं, पोरं काय वाचत होती, हे बाकीच्या चिटोऱ्यांनी सांगितलं. तुमच्या बाबांची पोती हे सोलापूरसाठी सांगतील. त्यांतल्या कवितासंग्रहांची एखादी प्रत कुठल्या तरी वाचनालयात मिळेलही. विडीचं लेबल मात्र कट्टा फोडला की गेलं, त्याची दुसरी प्रत कुणी ठेवलेली नसते.

बाळीवेस
काकांबद्दल आदर आहेच, पण एक शंका. डेव्हिसनकडे ब्यूइकची चित्रं होती, ती जपावीत हे समजतं. आपल्या पेठेतली पावतीपुस्तकं कोण बघणार? जतन करायचंच तर सोलापूरने जग जिंकलंय अशा गोष्टी करा: दाते पंचांग, जीवराज जैन ग्रंथमालेतले प्राकृत ग्रंथ. पुण्या-मुंबईबाहेर असं काम होणं हीच मोठी गोष्ट.

केसरूम
ते काम मोठंच आहे, त्याबद्दल दुमत नाही. आणि ते जपणारे लोक आहेत, म्हणूनच मला पोत्यांची काळजी.
इंग्लंडमध्ये 1799 साली राज्यक्रांतीच्या धास्तीने कायदा झाला. छापील कागदावर मुद्रकाचं नाव-पत्ता हवा, आणि मुद्रकाने प्रत्येक कामाची एक प्रत, काम कुणी दिलं ते लिहून, सहा महिने जवळ ठेवायची. हेतू पाळत ठेवण्याचा होता. पण नमुना राखून ठेवण्याचा प्रघात असल्या कायद्यांनी पक्का झाला. अल्व्हर्स्टन गावच्या सोल्बी बापलेकांच्या छापखान्यातली लिलावाच्या नोटिशा, जहाज सुटण्याची पत्रकं, हरवल्या-सापडल्याच्या जाहिराती आज अभ्यासाला मिळतात, कारण कुणीतरी ते कागद राखले. आपल्याकडेही 1867 च्या कायद्याने मुद्रकाचं नाव आणि ठिकाण छापणं सक्तीचं केलं. ताई, प्रत्येक कागदाच्या तळाशी बारीक टायपातली ती ओळ बघा. साल नसलं तरी छापखाना कळेल.
आणि साल नसेल तर ब्लॉक, म्हणजे चित्राचा ठसा, बघा. लग्नपत्रिकेवरचा गणपतीचा ब्लॉक वर्षानुवर्षं तोच वापरतात. आधी सोंडेच्या टोकाची बारीक रेघ बुजते, मग मुकुटाचा कंगोरा तुटतो, मग चौकटीचा कोपरा दबतो. तारीख असलेल्या दोन पत्रिका हाताशी असल्या, की त्याच ब्लॉकची बिनतारखेची पत्रिका त्यांच्या मध्ये कुठे बसते ते भिंगातून दिसतं. जुन्या मुद्रकांच्या ठशांचा काळही अभ्यासक असाच ठरवतात. पुस्तकात असा पुरावा मिळेलच असं नाही, भारी कामाला मालक नवा ब्लॉकही काढतो.
युनियनची पत्रकं तर हातची सोडूच नका. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, सोलापूरच्या या सगळ्या कापडगिरण्यांचे भोंगे बंद झाले. कामगारांनी काय मागितलं होतं, ते त्यांच्याच शब्दांत असल्या कागदांवर आहे.

चाटीगल्ली
मी जुनी कागदपत्रं नीट करायचं काम करते. ताई, आधी तार काढा. ती गंजली असेल, ओढू नका, दोन्हीकडून कापा. क्रम मोडू नका, कारण एका तारेवरचे कागद बहुधा एकाच काळातले असतात. प्रत्येक तारेचं वेगळं पाकीट करा, वर पेन्सिलीने नंबर घाला. लॅमिनेशन अजिबात नको, सेलोटेपही नको. वाळवी लागलेलं पोतं बाकीच्यांपासून लांब ठेवा. फोटो काढताना मागची बाजूही काढा, तिथे बहुतेक वेळा हिशेब असतो.

साखरपेठ
सगळ्यांचे आभार. एक पोतं उघडलं. चाटीगल्लीताई, मागची बाजू बघायला सांगितलंत ते फार बरं झालं. एका विडी लेबलामागे बाबांच्या अक्षरात आहे: “लाल जास्त नको, मागच्या खेपेस फासला. कागद पिवळा. बाकी येणे.” पुढच्या बाजूला मोर, त्याच्या पिसाऱ्यात तांबडा रंग खरंच चौकटीबाहेर गेलेला. भावाला दाखवलं, तो तासभर पोत्याजवळ बसून होता. रद्दी रद्द.
आता अडचण तेलुगूची. एका तारेवर बरीच पत्रकं आहेत आणि घरात कुणाला लिपी येत नाही. नाटकाची आहेत, लग्नाची आहेत की विणकरांच्या सभेची, काही कळत नाही.

बाळीवेस
तेलुगू मी वाचतो, आमच्या घरात तीच भाषा. रविवारी सकाळी आलो तर चालेल का? वडिलांना बरोबर आणेन. ते मागावर होते, सभेची पत्रकं असतील तर त्यातली नावंही ते ओळखतील.

साखरपेठ
नक्की या. दहानंतर या, त्याआधी नळाला पाणी असतं.