हबीबचे २९-० : सर्वश्रेष्ठ, की फक्त न हरलेला?

चिकित्सक_८१ : २४ ऑक्टोबर २०२० ला अबुधाबीत जस्टिन गेचीला हरवून दागेस्तानच्या हबीब नुर्मागोमेदोव्हनं ग्लोव्ह्ज मॅटवर ठेवले आणि निवृत्त होऊन निघाला. २९ लढती, २९ विजय. तेव्हापासून एमएमएचा (मिक्स्ड मार्शल आर्ट्स : ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारी झुंज) विषय निघाला की कुणीतरी "पण तो हरलाच नाही" म्हणून समोरच्याचं तोंड बंद करतो. मला हे लंगडं वाटतं. यूएफसीत (एमएमएच्या लढती भरवणारी मोठी संस्था) जवळपास नऊ वर्षांत १३ लढती, पट्टा म्हणजे विजेतेपद राखलं तीनदा. कॅनडाच्या जॉर्ज सेंट-पिएरनं वेल्टरवेट या वजनगटाचा पट्टा सलग नऊ वेळा राखला. तो दोनदा हरला खरा, पण ज्या मॅट ह्यूज आणि मॅट सेराकडून हरला, त्या दोघांनाही पुन्हा गाठून लोळवलं. न हरण्यापेक्षा हे मोठं.

लालमाती : साफ असहमत. आकडे मोजलेत, लढती बघितल्यात का? पट्टा राखताना मॅकग्रेगर, पॉरिये, गेची, तिन्ही कुस्त्या निकाली! गुणांवर एकही नाही. हा काय करणार ते सगळ्यांना ठाऊक असायचं : पट काढणार, जाळीला रेटणार, पाय अडकवून वरून ठोसे. २०१३ मध्ये एबल ट्रुहिओला एका लढतीत २१ वेळा खाली घेतलं. २१! ठाऊक असून थांबवता येत नाही, याला काय म्हणाल?

शंकासुर : आणि २०१२ ची ग्लेसन टिबाऊशी लढत? निकाल हबीबच्या बाजूनं लागला, पण टिबाऊ जिंकला असं म्हणणारे आजही भेटतात. रिकामा पट्टा मिळाला तो आयत्या वेळी उभ्या केलेल्या अल याक्विंटाविरुद्ध. आणि टोनी फर्ग्युसनशी लढत! पाचदा ठरली, पाचदा मोडली. इतकी तर लग्नंही मोडत नाहीत.

लालमाती : दोनदा हबीबमुळे, दोनदा टोनीमुळे, एकदा कोरोनामुळे. हिशोब पूर्ण द्या की.

सुमा_के : तुम्ही दोघं पट्टेच मोजत बसलात. त्याचा वस्ताद म्हणजे त्याचा बापच, अब्दुलमनाप. जुलै २०२० मध्ये कोरोनानंतर गुंतागुंत होऊन ते गेले. गेचीची लढत त्यानंतरची पहिली, आणि वडिलांशिवाय पुन्हा उतरणार नाही असा शब्द त्यानं आईला दिला होता. ३२ व्या वर्षी, एवढा पैसा समोर असताना पाळला. (२०१८ ला मॅकग्रेगरला हरवून कुंपणावरून उडी मारून त्याच्या साथीदारावर धावून गेला, तो मूर्खपणाच होता. नऊ महिने बंदी, पाच लाख डॉलर दंड. तेही विसरलेले नाही.)

चिकित्सक_८१ : सुमाताई, निवृत्तीबद्दल तक्रार नाहीच, माणूस म्हणून मानलं. पण कारण कितीही खरं असलं तरी न झालेल्या लढती खात्यात जमा होत नाहीत. त्याच्याच तालमीतला इस्लाम माखाचेव्ह २०१५ ला पहिल्याच राउंडमध्ये नॉकआउट झाला होता. पुढे त्यानं हाच पट्टा चारदा राखला. गुरूपेक्षा एकदा जास्त, एक पराभव खाऊन.

लालमाती : आणि २०२२ ला तो पट्टा जिंकला तेव्हा त्याच्या कोपऱ्यात प्रशिक्षक म्हणून कोण उभं होतं, हबीबच ना, तेही लिहा की!