रोजगार हमीचा कायदा वर्गात शिकवताना

वर्गमंत्र्याची निवडणूक मतपेटी, शाई आणि मतमोजणीसह घेतली की नववी-दहावीच्या मुलांना लोकशाही समजते, हा मुद्दा मला अर्धाच पटतो. त्यातून मतदान समजते, परंतु निवडून आलेले लोक पुढे कायदा कसा करतात आणि त्यात लोकमताचा वाटा किती असतो, हे उलगडत नाही. त्यासाठी मराठवाड्यातील शाळांना रोजगार हमी योजनेइतके (खेड्यात मागेल त्याला सरकारने काम देण्याची महाराष्ट्राची योजना) जवळचे उदाहरण क्वचितच मिळेल. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेले आजी-आजोबा अजून गावोगावी आहेत. मुलांनी आधी त्यांच्याशी बोलावे आणि मग दुष्काळातील कामाची ती मागणी १९७७ च्या रोजगार हमी कायद्यापर्यंत कशी पोहोचली व तो २६ जानेवारी १९७९ पासून कसा अमलात आला, हे वर्गात क्रमाने मांडावे.

पैसा कोठून आला, हे मुले विचारतातच (आणि विचारायलाच हवे). तेव्हा शिक्षकांनी स्वतःची वेतनचिठ्ठी दाखवावी, कारण तिच्यात दरमहा कापला जाणारा व्यवसाय कर १९७५ साली याच योजनेच्या खर्चासाठी लावण्यात आला होता. शहरातील नोकरदाराने खेड्यातील मजुरासाठी कर का द्यावा, यावर आमच्या वर्गात झालेला वाद कोणत्याही वर्गमंत्र्याच्या प्रचारापेक्षा अधिक रंगला.