मदत हवी आहे: 2019 च्या खासदारांचा पक्ष कुठल्या तारखेचा धरायचा?

ऐरोलीत आमच्या सोसायटीच्या वाचनालयात दहावी-बारावीच्या मुलांसाठी लोकसभेचा तक्ता लावायचाय, महाराष्ट्राच्या 48 जागा, 2019 आणि 2024 शेजारी शेजारी. 2024 चं सोपंय, काँग्रेस 13, भाजप 9, ठाकरेंची शिवसेना 9, शरद पवारांची राष्ट्रवादी 8, शिंदेंची शिवसेना 7, अजितदादांची राष्ट्रवादी 1 आणि सांगलीचे विशाल पाटील अपक्ष. त्यांनी नंतर काँग्रेसला पाठिंबा दिला पण निवडून अपक्ष आले, म्हणून मी अपक्षच ठेवतोय.

अडलंय 2019 वर. तेव्हा शिवसेना 18, मग जून 2022 ला फूट, फेब्रुवारी 2023 ला आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदेंना दिलं. आता आपलंच बघा ना (नवी मुंबई ठाणे मतदारसंघातच येते), राजन विचारे 2019 ला धनुष्यबाणावर आले, ठाकरेंसोबत राहिले आणि 2024 ला मशालीवर नरेश म्हस्केंसमोर लढले. मुलं हे पहिलं विचारणार, आणि त्यांना नीट उत्तर मिळायलाच हवं.

आयोगाचे निकाल बघितलेत, पण ते निवडून आले त्या दिवसाचे. पेपरातल्या बातम्यांवरून यादी बनवायची नाहीये, अधिकृतच पाहिजे, आणि एकाच पानावर बसायला हवं. कोण बरोबर कोण चूक हा वाद प्लीज इथे नको.

तर 17 वी लोकसभा जून 2024 ला बरखास्त झाली तेव्हाची नावासकट पक्षनिहाय यादी कुठे मिळेल, आणि तक्त्यात एकच रकाना ठेवायचा झाला तर निवडून आल्याचा पक्ष लिहायचा की शेवटचा?