अनुभव धागा: तुमचं सोंग कधी उतरलं?

घरात, ऑफिसात, सहलीत सगळ्यांना हसवणारी मीच. घरी आले की दार लावून तासभर अंधारात बसायचे आणि त्याला 'दमणूक' म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी घसा बसला. डॉक्टरांनी आठ दिवस बोलायचं नाही म्हणून बजावलं. ते आठ दिवस इतके सुखाचे गेले की मला स्वतःचीच शंका आली. परवा जुन्या मैत्रिणीने विचारलं, "तू एवढी गप्प कधीपासून झालीस?" झाले नाही गं, होतेच.

'स्वतःचा शोध' म्हटलं की लोक थेट संन्यासावर येतात. तसलं नको. आपण सोंग घेतलंय हे कशावरून कळलं आणि ते उतरवल्यावर काय झालं, एवढंच लिहा. फजितीही चालेल.

अडखळ
मी तोतरा आहे. हे म्हणायला वयाची ३४ वर्षं लागली. कुणाला माहीत नव्हतं, कारण मी कधी कुणासमोर अडखळलोच नाही. 'परवा' अडकणार असं वाटलं की 'दोन दिवसांनी'. 'पाऊस' नको, 'आभाळ भरलंय' म्हण. लोकांना वाटायचं, काय छान भाषा आहे याची! पण स्वतःच्या नावाला समानार्थी शब्द नसतो. ओळख करून द्यायची वेळ आली की मला हमखास खोकला यायचा, नाहीतर आडनावावर भागवायचो.

वाणीउपचार घ्यायला गेलो तो अडखळणं घालवायला. बाईंनी उलटंच सांगितलं: मुद्दाम अडखळा, तेही अनोळखी माणसापुढे. दुकानात जाऊन "प-प-पेन" म्हणालो. घाम फुटला होता. त्याने पेन दिलं, सुटे पैसे मागितले, संपलं. मोठ्या माणसांत शंभरात साधारण एक जण अडखळतो, हेही तिथेच कळलं. मी आजही अडखळतो, पूर्वीपेक्षा जास्तच. पण आता समोरचा काय बोलतोय ते ऐकू येतं. आधी सगळं लक्ष माझ्या पुढच्या शब्दावर असायचं.

डावखुरी
माझं छोटंसंच. लहानपणी डाव्या हाताने लिहिलं की पट्टी बसायची. दहांत साधारण एक माणूस डावरा असतो म्हणतात, तरी आमच्या वर्गात एकही नव्हता. कुठे गेलो होतो आम्ही सगळे? गेल्या वर्षी उजवा हात प्लास्टरमध्ये होता म्हणून डाव्याने चित्र काढायला घेतलं. रेघ कशी धावली म्हणून सांगू! आता सही सोडली तर सगळं डाव्यानेच.

परतीचा
माझा अनुभव धाग्याच्या उलटा आहे, चालेल ना? 'खरा मी' छायाचित्रकार आहे अशी ठाम समजूत होती. हिशेबनिसाची नोकरी सोडली, दीड वर्ष लग्नांचे फोटो काढले आणि कॅमेऱ्याचा तिटकारा आला. मग लक्षात आलं, आकडे जुळले की मला खराखुरा आनंद होतो. फक्त तो सांगायची लाज वाटायची, कारण 'मी हिशेब लिहितो' म्हटल्यावर कुणी पुढचा प्रश्न विचारत नाही. पुन्हा नोकरीत आहे. बायको म्हणते, हल्ली झोपेत दात खात नाहीस.

धागाकर्ती
चालेल काय, पळेल!

सरळ रेघ
१९५० च्या दशकात सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने रेघांची लांबी ओळखायचा प्रयोग केला होता. एक जण सोडला तर बाकीचे सगळे आधीच पढवलेले, मुद्दाम चूक उत्तर देणारे. त्या एकट्या पडलेल्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जण निदान एकदा तरी डोळ्यांना दिसतं ते सोडून घोळक्यामागे गेले. पण बरोबर उत्तर देणारा एक जरी सोबती असला, की हे प्रमाण झपाट्याने घटायचं.

मला तो सोबती ऑफिसात भेटला. आम्हाला मूल नको होतं, पण विचारणाऱ्यांना मी 'बघू, अजून वेळ आहे' सांगायचे. चाळिशी उलटल्यावरही! एक ज्येष्ठ सहकारी बाई सहज म्हणाल्या, "मला नकोच होतं." आणि लगेच दुसरा विषय काढला. त्याच आठवड्यात आत्तेसासूबाईंना मी पहिल्यांदा सरळ उत्तर दिलं. त्या अजून बोलत नाहीत.

कर्ता-कर्म
मराठी क्रियापद भारी चहाडखोर. 'आला' की 'आली', लगेच फुटतं. त्यामुळे मी अकरा वर्षं नपुंसकलिंगात काढली: "सोबत कुणीतरी होतं", "घरी कुणी वाट बघतंय". बहिणीला सगळं सांगायचो, व्याकरण सांभाळून. एकदा तिच्याशी फोनवर बोलताना बेल वाजली आणि तोंडून गेलं, "थांब, तो आला वाटतं." ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "आला ना? मग दार उघड त्याला. आपण नंतर बोलू."

जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली ती १७ मे १९९० ला. माझा जन्मही त्याच वर्षीचा. माझ्या डोक्यातली यादी बदलायला ३३ वर्षं लागली. आईशी अजून नपुंसकलिंगच चालू आहे.

धागाकर्ती
अडखळ, नाव नका सांगू, पण पहिलं अक्षर?

अडखळ
'प'च. आईवडिलांनी नेमकं निवडून ठेवलंय.