जुना मनुष्य खिळला गेला म्हणतो, मग राग तसाच का? समर्पण म्हणजे रोज नेमकं करायचं काय?

गोदाकाठ (अंबड तालुका)

सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या गावच्या घरप्रार्थनेत बायबलमधलं पौलाचं रोमकरांस पत्र चालू आहे आणि सहाव्या अध्यायाला येऊन गाडी अडकलीय. 6:6 म्हणतं आपला जुना मनुष्य (ख्रिस्तात येण्याआधीचा, पापाच्या ताब्यातला) ख्रिस्ताबरोबर वधस्तंभावर खिळला गेला. मग लोक विचारायलेत, मेला असेल तर भावकीत बोलताना जीभ अजून तशीच कशी चालते? बाप्तिस्म्याला दहा-दहा वर्षं झालेली माणसं आहेत. कोणी म्हणतं उपास वाढवा, कोणी म्हणतं समर्पण पूर्ण झालेलं नाही, पुन्हा करा. "प्रभू, मी सर्व तुला देतो" ही प्रार्थना तर दर रविवारी होते, आणि सोमवारी सगळं जिथल्या तिथं.

दोन प्रश्न. समर्पण एकदाच की रोज? आणि रोज असेल तर सकाळी उठल्यापासून करायचं काय? गोल गोल नको, हातात धरता येईल असं सांगा.

सेलू_वचनगट

अध्यायाचा क्रम बघा, गाठ तिथंच सुटते. पौल तीन क्रिया एकामागून एक देतो: जाणा (6:3, 6, 9), माना (6:11), समर्पण करा (6:13). आपण पहिल्या दोन सोडून थेट तिसरीवर उडी मारतो, म्हणून ती टिकत नाही.

"खिळला गेला" हे झालेलं काम आहे, आणि ते आपण केलेलं नाही. जुन्या मनुष्याला मारा असं हा अध्याय कुठंच सांगत नाही. त्याच वचनात पुढं "पापाचे शरीर" नष्ट व्हावं असं येतं. तिथल्या मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ निकामी होणं, सत्ता जाणं. म्हणजे पाप घरातून गायब झालं नाही, त्याची मालकी गेली. बदली होऊन गेलेल्या मुकादमासारखं. तो अजून रस्त्यात भेटतो, दरडावतो, आणि सवयीनं आपण उठून उभे राहतो. त्याचा हुकूम चालत नाही हे आपल्याला ठाऊक नसतं, एवढंच.

"माना" हा मूळचा हिशेबाचा शब्द. चौथ्या अध्यायात अब्राहामाचा विश्वास नीतिमत्त्व असा "गणला" गेला, तिथं हाच शब्द अकरा वेळा आलाय. खात्यावर रक्कम जमा झालीय, तुम्ही फक्त वहीत तशी नोंद धरायची. मनाला "मी मेलो, मी मेलो" असं पटवत बसणं म्हणजे मानणं नव्हे. राग आलेला असतानाच ही नोंद धरायची असते. राग नाही असं भासवायचं नसतं, तर "हा राग आता माझा धनी नाही" असं मानायचं असतं.

मग समर्पण. 6:13 "अवयव" म्हणतं, नुसतं "सर्व" नव्हे. "सर्व देतो" या प्रार्थनेत काहीच नेमकं दिलेलं नसतं, सोमवारी सगळं परत हाती येतं ते म्हणून. सकाळी पाच मिनिटं अवयव आणि ठिकाण दोन्ही नाव घेऊन सांगा: ही जीभ, आज बाजार समितीत. हे डोळे, रात्री मोबाईलवर. हा हात, सोसायटीच्या कागदावर सही करताना. दिवसाला तीनच. दहा नावं घेतली तर दुपारपर्यंत एकही आठवत नाही.

एकदाच की रोज, तर दोन्ही. खिळलं जाणं एकदाच. पण लूक 9:23 मध्ये वधस्तंभ "दररोज" उचलायला सांगितलाय. प्रॉटेस्टंट सुधारक लूथरनं 1529 च्या छोट्या प्रश्नोत्तरीत बाप्तिस्म्याचा अर्थ असाच लावलाय: आपल्यातला जुना आदाम रोजच्या पश्चात्तापानं बुडवायचा आणि रोज नवा माणूस वर यायचा. बाप्तिस्मा एकच, बुडवणं रोजचं.

वैजापूर_धर्मग्राम

आम्हा कॅथलिकांकडे यासाठी रोजची पद्धत आहे, इतर मंडळींनीही वापरायला हरकत नाही. लोयोलाचे संत इग्नेशियस यांच्या आध्यात्मिक साधनेतली आत्मपरीक्षा. तिच्या पाच पायऱ्या: उपकारस्तुती, प्रकाशाची मागणी, दिवस तासातासानं आठवणं, क्षमा, उद्याचा निश्चय. पंधरा मिनिटं पुरतात. उपकारस्तुती वगळू नका, कंटाळून लोक नेमकी तीच वगळतात आणि मग उरतं फक्त स्वतःला झोडपणं.

तुमच्या जिभेच्या प्रश्नाला मात्र त्यांची दुसरी, एकाच दोषाची परीक्षा जास्त लागू आहे. एकच दोष निवडायचा. वहीत दिवसाला दोन रेघा, एक दुपारची, एक रात्रीची. जितक्या वेळा घसरलात तितके ठिपके. घसरल्या क्षणी छातीवर हात ठेवायचा, चारचौघांत कुणाच्या लक्षातही येत नाही. मग दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी ताडायची, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी.

एक धोका. पहिल्या आठवड्यात ठिपके बहुधा वाढतात. पाप वाढलं असं नाही, दिसायला लागलं. इथं घाबरून वही बंद करू नका.

गोदाकाठ

सेलूवाले, मुकादमाचं उदाहरण आमच्याकडे लगेच कळेल, अर्धी वस्ती ऊसतोडीला जाते. पण इफिसकरांस 4 मध्ये तर "जुना मनुष्य काढून टाका" अशी आज्ञाच आहे. मग झालेलं काम की करायचं काम?

सेलू_वचनगट

कलस्सैकरांस 3:9-10 शेजारी ठेवून वाचा. तिथं जुना मनुष्य "काढून टाकला आहे" असं झालेल्या कामासारखं आलंय, आणि त्याच्याच आधारावर लबाडी करू नका ही आज्ञा. कपडा उतरवलाय, आता तो खुंटीवरून पुन्हा अंगात घालू नका, असं. इफिस 4 मधली गंमत अशी की तिथं नुसतं काढणं नाहीच, प्रत्येक ठिकाणी काहीतरी घालायलाही सांगितलंय, यावर कुणीतरी सविस्तर लिहा.

कापूस_वेचणी (परतूर)

मी लिहिते.

इफिस 4:25 ते 32 जोड्यांनी वाचायचं. लबाडी काढा, शेजाऱ्याशी खरं बोला. राग आला तर सूर्य मावळेपर्यंतच. कुजकं बोलणं काढा आणि ऐकणाऱ्याची उन्नती होईल असं बोला. कडूपणा काढा, क्षमा घाला. सगळ्यात नेमकं 28 वं वचन: चोरी करणाऱ्यानं चोरी थांबवावी, हातानं कष्ट करावेत, आणि गरजवंताला द्यावं. तीन टप्पे आहेत. पहिल्याच टप्प्यावर थांबला तर तो फक्त चोरी न करणारा चोर असतो. तिसऱ्या टप्प्यावर घेणारा हात देणारा होतो, तेव्हा नवा मनुष्य दिसतो.

रिकामी जागा सोडली तर काय होतं ते मत्तय 12:43-45 मध्ये आहे. घर झाडलेलं, सुशोभित, पण रिकामं, आणि निघून गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन परत येतो. दारू सोडली, पत्ते सोडले, पण संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत काय करायचं ते ठरवलंच नाही, की हेच. त्या तीन तासांना नाव द्या: कुणाच्या घरी प्रार्थना, पोरांचा अभ्यास, जनावरांची धार.

आता भावकी. सगळ्यात जास्त समर्पण बांधावर अडतं. नांगरताना दरवर्षी एकेक तास (नांगराची ओळ) बांध कोरत गेला असाल तर "प्रभू, क्षमा कर" म्हटल्यानं ते रान परत जात नाही. जकातदार जक्कय झाडावरून उतरला आणि चौपट परत देतो म्हणाला (लूक 19:8). गणना 5:7 मध्ये मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा असा नियम आहे. इथं करायचं असं: मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात स्वतः करा, फी स्वतः भरा, मोजणीला समोरच्याला आदरानं बोलवा, खुणा रोवून घ्या आणि निघेल तेवढं रान सोडा. आधी त्याच्या ओट्यावर जाऊन "बांध मी कोरला" एवढं तीन शब्दांत बोला. "तूही कोरलास" हे दुसरं वाक्य जोडलंत की सगळं वाया. मत्तय 5:23-24 प्रमाणे हे अर्पणाच्या आधी.

एक मर्यादा. कबुली पाप जिथवर पोहोचलं तिथवरच. माणसाशी केलेलं त्या माणसापाशी, मनातलं देवापाशी. साक्षीच्या वेळी सगळ्या मंडळीपुढं दुसऱ्याच्या घरची अब्रू उघडी करणं ही कबुली नव्हे.

आणि इथल्या मंडळ्यांत मोठ्यानं बोललं जात नाही ते: सोयरीक ठरवताना "ते मूळचे कोण" असं विचारणं. कलस्सै 3:10 मध्ये नवा मनुष्य येतो आणि पुढच्याच 11 व्या वचनात हेल्लेणी, यहूदी, बर्बर, दास, स्वतंत्र हे भेद संपतात. साडी, भजन, पुरणपोळी हा जुना मनुष्य नव्हे. कवी ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही अभंग सोडला नाही, उलट ख्रिस्तापायी वाहिला. जात मात्र जुना मनुष्यच आहे, आणि तो आपण फार जपून ठेवलाय.

रात्रपाळी (संभाजीनगर)

कापूसताईंनी दारूचा उल्लेख केला म्हणून महत्त्वाचं. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाला प्रार्थनेत उभं करून "आजपासून एकदम बंद" असा शब्द घेऊ नका. बरीच वर्षं रोज पिणाऱ्याचं शरीर दारूवर टेकलेलं असतं. ती अचानक तुटली की पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, घाम, झोप उडणं, फिट येणं, भास होणं असं होऊ शकतं आणि जीवही जाऊ शकतो. घरचे म्हणतात भूत लागलं, सैतान निघायलाय, आणि दवाखान्याऐवजी रात्रभर झाडणं चालतं. आधी डॉक्टर, मग बाकी. घाटीत (संभाजीनगरचा मोठा सरकारी दवाखाना) किंवा जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागात दाखवा, औषधं आणि बी-वन जीवनसत्त्व देऊन दारू उतरवतात. टेली-मानसचा 14416 हा मानसिक आरोग्यासाठीचा सरकारी नंबर फुकट आहे. औषध घेतल्यानं विश्वास कमी पडत नाही.

वाटसरू_ताई (लातूर)

वरचं सगळं पटलं, तरी "समर्पण" हा शब्द चुकीच्या हातात गेला की काय होतं तेही लिहायला हवं.

येशू योहान 10:18 मध्ये म्हणतो, माझा प्राण कोणी माझ्यापासून घेत नाही, मी स्वतः होऊन देतो. समर्पणाची पारख हीच. जे हिसकावून घेतलं जातं ते समर्पण नव्हे. नवरा मारतो आणि बाईला सांगितलं जातं "अहंकार मार, वधस्तंभ उचल", तर तो तिचा वधस्तंभ नाही, त्याचं पाप आहे. इफिस 5:22 वाचून दाखवणाऱ्यानं 5:21 पासून वाचावं, तिथं एकमेकांच्या अधीन व्हा असं आहे. तिनं आधी सुरक्षित ठिकाणी जावं, 181 या महिला मदत नंबरला फोन करावा. क्षमा ती तिथूनही करू शकते, आणि क्षमा केली म्हणून त्याच घरात परत गेलंच पाहिजे असं कुठलंही वचन सांगत नाही.

तसंच पैशाचं. कोणी प्रार्थना घेणारा "शेत विकून अर्पण कर, तरच बंधन तुटेल" म्हणाला तर त्याला प्रेषित 5:4 वाचून दाखवा. जमीन विकून पैशातला काही भाग लपवणाऱ्या हनन्याला पेत्र म्हणतो, विकण्याआधी ते तुझंच होतं ना, आणि विकल्यावरही ते तुझ्याच ताब्यात नव्हतं का? दोष लबाडीचा होता, न देण्याचा नव्हता.

अजून एक गल्लत: "मी काहीच नाही, मी किडा" असं घोकणं. गलतीकरांस 2:20 मध्ये "मी" वधस्तंभावर आहे आणि "मी" जगतोही आहे. मेलं ते स्वतःच स्वतःचा देव व्हायला बघणारं, देवानं घडवलेला माणूस नाही मेला. घोकून घोकून खचलेला माणूस मोकळा होत नाही, तो दिवसभर स्वतःकडेच बघत राहतो.

आणि दहा वर्षं झालेल्यांना टोचून बोलू नका. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पुढं स्वतःच्या साक्षीत त्यांनी लिहिलंय की ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडायला त्यानंतर जवळजवळ आठ वर्षं गेली. एवढ्या विदुषीला.

सेलू_वचनगट

ताईंशी पूर्ण सहमत. "माझं जू घ्या" (मत्तय 11:29-30) हेही लोक ओझ्यासारखं ऐकतात. तिथल्या "सोयीचं" या अर्थाच्या शब्दात खांद्याला बरोबर बसणारं असा भाव आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला हळद-लोणी चोळताना बैलाच्या मानेवरून हात फिरवला की कळतं, चुकीच्या जोखडानं कातडी कशी सोलवटलेली असते. आणि नवा खोंड कामाला लावताना एकटा जुंपत नाहीत, शिकलेल्या बैलाच्या जोडीला जुंपतात. ओढ जुन्याची, खोंडानं फक्त पाऊल जुळवायचं. जो खोंड पुढं पळायला बघतो किंवा मागं रेटतो, खांदा त्याचाच सुजतो. "मी ठरवलंय आता रागवणारच नाही" हे पुढं पळणं आहे. गलती 5:16 आधी आत्म्याच्या प्रेरणेनं चाला म्हणतं आणि मग देहवासना पूर्ण करणार नाही म्हणतं. उलटं करायला गेलं की दम लागतो.

गोदाकाठ

खूप आभार. शनिवारी गटात वही आणि जोड्या दोन्ही मांडतो. एकच राहिलं: मोठी चूक झाली तर काही जण पुन्हा बाप्तिस्मा घ्या म्हणतात. आणि पडल्यावर लगेच काय करायचं?

वैजापूर_धर्मग्राम

पुन्हा बाप्तिस्मा नाही. इफिस 4:5, एकच बाप्तिस्मा. आम्ही ईस्टरला बाप्तिस्म्याच्या शपथांचं नूतनीकरण करतो, सैतानाला नकार आणि विश्वासाला होकार पुन्हा म्हणतो, पाणी फक्त शिंपडतात. मोठ्या चुकीसाठी आमच्याकडे पापनिवेदन आहे, तुमच्याकडे पाळकसाहेब किंवा तोंड बंद ठेवणारा एखादा वडीलधारा विश्वासू. याकोब 5:16 त्यासाठीच.

कापूस_वेचणी (परतूर)

पडल्यावरचा क्रम. रात्रीपर्यंत थांबू नका, त्याच तासाला पापाचं नाव घेऊन सांगा. "काही चुकलं असेल तर" असं नको, 1 योहान 1:9 "पापे पदरी घेतली तर" म्हणतं. मग समोरच्याकडे जा किंवा फोन करा. त्यानं उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. रागाच्या भरात व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेलं नुसतं डिलीट करू नका, ज्या ग्रुपवर टाकलं त्याच ग्रुपवर "मी चुकीचं लिहिलं" असं लिहा. नंतर बघा की पडण्याआधीच्या अर्ध्या तासात काय होतं: भूक, थकवा, तीच संगत, तोच विषय? उद्या सकाळच्या तीन नावांत ते ठिकाण पहिलं घ्या. आणि वहीत ठिपका देऊन खालच्या रेघेवर या, वरची रेघ गिरवत बसू नका.