धबधब्याचं पाणी पांढरंफटक, खडक पुसट. कुठला फिल्टर घेऊ? (तातडीने मदत हवी आहे)

ओलीवाट
नमस्कार मंडळी. परवा पहाटे पुन्हा त्याच धबधब्यावर जातोय, त्यामुळे जरा घाई आहे.

गेल्या रविवारी तीन तास तिथे होतो. दोनशेच्या वर फोटो काढले आणि एकही ठेवण्यासारखा नाही. पाणी रेशमासारखं यावं म्हणून शटर लांबवलं, तर मधला सगळा झोत पांढराफटक. एकही धार वेगळी दिसत नाही, मध्ये कागद चिकटवल्यासारखं वाटतं. खडक कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर छान दिसत होते, घरी मोठे करून पाहिले तर प्रत्येक कड दुहेरी. ट्रायपॉड वापरला होता, तेव्हा कृपया 'ट्रायपॉड घ्या' सांगू नका.

एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी काळपट काच) लागतो असं वाचलंय. तीन स्टॉप, सहा स्टॉप, दहा स्टॉप असे मिळतात (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). यातला कुठला घेऊ? एवढंच सांगा.

खडूफळा
कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, अ‍ॅपर्चर, आयएसओ, शटर किती? किती वाजता काढले? हे कळल्याशिवाय फिल्टर सांगणं म्हणजे ताप न मोजता गोळी देणं.

पाणपाखरू
एनडी राहू द्या, आधी सीपीएल घ्या, म्हणजे फिरवता येणारा, चमक कापणारा पोलरायझर फिल्टर. मी सात वर्षं फक्त पाण्याचे फोटो काढतेय आणि बॅगेतलं बाकी सगळं काढून टाकायला सांगितलं तरी सीपीएल काढणार नाही.

ओल्या खडकाकडे नीट बघा. त्यावर आभाळाची पांढुरकी चमक असते आणि आपल्याला वाटतं खडकाचाच रंग तसा आहे. सीपीएल हळूहळू फिरवा. एका जागी ती चमक पडदा ओढल्यासारखी सरकते, खाली काळाभोर दगड, त्यावरचं हिरवं शेवाळ, उथळ पाण्यातले तपकिरी गोटे सगळं वर येतं. ही चमक पाण्याच्या पृष्ठभागाला काढलेल्या लंबापासून साधारण ५३ अंशांच्या कोनात बघितलं की सगळ्यात जास्त कापली जाते, म्हणून दोन पावलं पुढेमागे, वरखाली होऊन बघायचं. वर दीडेक स्टॉप उजेड कमी होतो, तेवढं शटर आपोआप लांबतं. फोटो काढून झाल्यावर कॉम्प्युटरवर ही चमक काढता येत नाही, बाकी पुष्कळ काही करता येतं.

झरझर
मुळात पाणी दुधासारखं करायचंच कशाला? डोळ्यांना धबधबा असा कधी दिसतो का? शटर १/१००० सेकंदाला ठेवून काढा. थेंब सुटे दिसतात, पाण्याचा जोर कळतो. ही रेशमाची टूम डिजिटल कॅमेऱ्यांनी आणली आणि आता सगळ्यांचे फोटो सारखेच दिसतात.

जुनीकाच
झरझर, टूम डिजिटलने आणली हे चूक आहे. अमेरिकन छायाचित्रकार कार्लटन वॉटकिन्सने १८६१ साली कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यात मोठमोठ्या काचांवर फोटो काढले, साधारण १८ बाय २२ इंचांच्या. त्याच्या फोटोंतलं पाणी असंच धुक्यासारखं आहे, कारण ओल्या कलोडियनच्या (ओलं रसायन लावलेल्या) काचेला उजेड पुरायला सेकंदच्या सेकंद लागायचे. धबधब्याचे पहिले फोटोच रेशमी होते. थेंब गोठवायची सोय पुढे बऱ्याच वर्षांनी आली.

झरझर
त्याचा नाइलाज होता. आपला नाही.

ओलीवाट
मंडळी, रेशीम की थेंब हा प्रश्न नाही विचारलेला. मला रेशमीच हवंय.

खडूफळा, डीएसएलआर आहे, एपीएस-सी (मध्यम आकाराचा सेन्सर), २४ मेगापिक्सेल. सोबत आलेली १८-५५ लेन्स. अ‍ॅपर्चर एफ २२ (आकडा मोठा तितकं लेन्सचं भोक लहान), आयएसओ म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता १००, शटर अर्धा सेकंद. फिल्टर नव्हता. वेळ दुपारी बारा ते तीन, लख्ख ऊन. आता सांगा, तीन की सहा?

हिशेबी
थांबा, इथेच गडबड आहे. लख्ख उन्हात आयएसओ १०० ला एफ १६ आणि साधारण १/१०० हे जुनं गणित. म्हणजे एफ २२ ला १/५०. तुम्ही दिलात अर्धा सेकंद, पंचवीसपट उजेड. तरी खडक बरोबर उजळले म्हणता. याचा अर्थ खडक सावलीत होते आणि ऊन फक्त पाण्यावर पडत होतं. बरोबर?

ओलीवाट
हो, घळीत आहे तो. दुपारी वरून नेमका झोतावर उजेड येतो. म्हणून तर ती वेळ निवडली, पाणी चमकतं.

हिशेबी
मग फिल्टरने तुमचं पांढरं पाणी सुधारणार नाही, कुठल्याही स्टॉपचा आणा. एनडी फिल्टर सगळं सारखंच काळोखं करतो. पाणी सहा स्टॉपने उतरेल, खडकही सहाने उतरेल, दोघांमधला साडेचार स्टॉपचा फरक जागच्या जागी. तुम्ही खडकाचं मोजमाप घेऊन शटर वाढवणार आणि पाणी पुन्हा कागद होणार.

ऊन घळीत उतरायच्या आत फोटो काढा, किंवा ढगाळ दिवस बघा. परवा पहाटे जाताय ना, तेच तुमचं औषध आहे. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, न दाबलेल्या फाइलमध्ये) काढा आणि जास्त उजळलेला भाग लुकलुकतो ती सोय चालू ठेवा. झोताच्या मध्यावर लुकलुक दिसली की शटर कमी करायचं. सावलीतले खडक घरी उचलता येतात. पाणी एकदा पांढरं झालं की त्यात परत धार आणता येत नाही.

फोकसवेडा
खडक पुसट का आले हे कुणीच बोललं नाही. एफ २२! एपीएस-सी वर एफ २२ कुणी वापरतं का? विवर्तनामुळे (बारीक भोकातून जाताना उजेड पसरतो) त्या अ‍ॅपर्चरला एका बिंदूचा ठिपका जवळपास ३० मायक्रॉनचा होतो आणि तुमच्या सेन्सरचा पिक्सेल जेमतेम ४ मायक्रॉनचा आहे. एफ ८ वर या, फार तर एफ ११. प्रश्न मिटला.

खडूफळा
नाही मिटला. विवर्तनाने सगळं सारखं मऊ होतं, कड दुहेरी होत नाही. दुहेरी कड म्हणजे त्या अर्ध्या सेकंदात कॅमेरा एका जागी होता, मग हलून दुसऱ्या जागी थांबला. ओलीवाट, फोटोतल्या चार कोपऱ्यांतल्या कडा बघा. दुसरी कड सगळीकडे एकाच दिशेला सरकली आहे का? आणि लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हात थरथरला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) चालू होतं का? बटण हाताने दाबलं की टायमरवर?

फोकसवेडा
मी दुहेरीबद्दल बोलतच नाही, पुसटपणाबद्दल बोलतोय. एफ २२ सोडल्याशिवाय खडक कुरकुरीत येणार नाहीत हे लिहून ठेवा.

ओलीवाट
दोन सेकंदांचा टायमर होता. स्टॅबिलायझेशन बंद. आत्ता बघितलं, हो, सगळ्या कडा वर-खाली दुहेरी आहेत, आडव्या नाहीत. काही फोटोंत आहेत, काहींत नाहीत.

चांदणराती
धबधब्यावर रात्री थांबून बघा कधी. लेन्स जितकी उघडता येईल तितकी उघडायची, आयएसओ ३२००, १५ सेकंद, वर तारे आणि खाली पाणी. पौर्णिमेच्या आसपास तुषारांत चांदण्याचं इंद्रधनुष्यही दिसतं, डोळ्यांना पांढरट, फोटोत रंग येतात. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया फॉल्ससाठी तर लोक खास पौर्णिमा गाठून जातात.

खडूफळा
फक्त वर-खाली, आणि काही फोटोंतच. ट्रायपॉड ठेवला कुठे होता?

ओलीवाट
पुलावर. तिथूनच समोरून दिसतो.

खडूफळा
पूल कसला? दगडी?

ओलीवाट
लाकडी, फळ्यांचा. रविवार होता, लोक येत-जात होते. पण ट्रायपॉड भक्कम आहे हो, जड आहे.

खडूफळा
सापडलं. ट्रायपॉड भक्कम आहे, पूल भक्कम नाही. पुलाच्या त्या टोकाला कुणी पाऊल टाकलं की फळी दबते आणि सुटते, तुमच्या पायांना जाणवतसुद्धा नाही. खात्री करायची असेल तर मधल्या फळीवर पाण्याची बाटली ठेवा आणि कुणी चालत आलं की आतल्या पाण्याकडे बघा. टायमरने यात काही होणार नाही. पूल सोडा, काठावरच्या खडकावर या. वाहत्या पाण्यात पाय रोवणार असाल तर तेही जपून, प्रवाहानेही ट्रायपॉडचा पाय थरथरतो. ट्रायपॉडचा मधला खांब वर काढू नका.

ओलीवाट
इतकी साधी गोष्ट. मी लेन्स खराब आहे म्हणून विकायला काढली होती.

पाणपाखरू
काठावर उतरलात की तुषार लागतील, त्याची तयारी ठेवा. माझी पद्धत सांगते. सगळी मांडणी, फोकस, सीपीएल फिरवणं, हे लेन्सवर कापड धरूनच करून घ्यायचं. टायमर दाबायचा, शेवटच्या क्षणी कापड काढायचं, फोटो झाला की पुन्हा झाकायचं. तीन-चार कोरडी कापडं वेगवेगळ्या खिशांत ठेवा, एक ओलं झालं की ते लेन्सवर नुसतं पाणी पसरवतं. पुसताना गोल घासू नका, थेंब टिपून घ्या. आणि एफ २२ ला थेंबाचे डाग जास्तच ठसठशीत येतात, हे तुमच्या लक्षात आलं असेल.

ओलीवाट
आलं. उजव्या कोपऱ्यात पुसट गोल आहेत, मी ते सेन्सरवरची धूळ समजत होतो.

खिशातलाकॅमेरा
एवढी यातायात कशाला? आयफोनमध्ये लाइव्ह फोटो काढा, मग इफेक्टमध्ये लाँग एक्स्पोजर निवडा. २०१७ पासून ही सोय आहे. फोन बऱ्याच फ्रेम एकत्र करून पाणी रेशमी करतो, ट्रायपॉडही लागत नाही.

हिशेबी
हीच युक्ती कॅमेऱ्यातही चालते. फिल्टर नसेल तर १/१५ चे सोळा फोटो लागोपाठ काढून घरी सरासरी घ्या. पाणी जवळपास एका सेकंदाचं दिसतं आणि नॉइज (फोटोतले रवाळ दाणे) चौथाईवर येतो. कॅमेरा मात्र जराही हलता कामा नये.

झरझर, तुमच्यासाठीही आकडा आहे. हवेचा अडथळा सोडला तर २० मीटर पडून आलेलं पाणी खाली सेकंदाला जवळपास २० मीटर वेगाने येतं. १/१००० मध्ये ते २ सेंटिमीटर सरकतं, १/१५ मध्ये सव्वा मीटरच्या वर, अर्ध्या सेकंदात दहा मीटर. म्हणून मोठ्या, जवळच्या धबधब्याला १/४ सुद्धा पुरतो आणि धारांचे पदर सुटे राहतात. दहा सेकंद दिलेत की धुकं होतं. दहा स्टॉपचा फिल्टर तुम्हाला यासाठीच नको, ओलीवाट.

झरझर
१/१५ ला माझी हरकत नाही. त्यात पाण्याला अंग उरतं. माझा राग त्या धुक्यावर आहे.

दमटहवा
सगळे पाण्याजवळ जा म्हणताय, पण घरी आल्यावर काय ते कुणी सांगत नाही. माझ्या दोन लेन्समध्ये बुरशी लागली, काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखी. बॅग बंद करून ठेवली होती एवढीच चूक. आल्या आल्या सगळं बाहेर काढा, पुसा, पंख्याखाली वाळू द्या, मगच सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात.

फोकसवेडा
बुरशीसाठी लेन्स रोज वापरणं हाच उपाय. डब्यात ठेवून लेन्स मरतात.

दमटहवा
माझ्या रोजच्या वापरातल्याच होत्या दोन्ही.

जुनीकाच
बुरशीचा वेगळा धागा काढा कृपया. ओलीवाट, काठावर झाडं असतील तर पाण्याच्या वाऱ्याने पानं हलतात, अर्ध्या सेकंदात ती पुसट येणारच. ट्रायपॉड न हलवता दुसरा फोटो काढा, आयएसओ १६००, अ‍ॅपर्चर दोन स्टॉप उघडून, शटर १/१२५ च्या आसपास, फक्त पानांसाठी. घरी जोडा. याला फसवणूक म्हणणाऱ्यांसाठी सांगतो, फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ल ग्रे १८५० च्या दशकात समुद्र एका निगेटिव्हवर आणि आभाळ दुसऱ्यावर घेऊन एक फोटो छापायचा.

ओलीवाट
ठीक. म्हणजे शेवटी फिल्टर कुठला? निघायला एक दिवस उरलाय.

हिशेबी
पहाटे घळीत साधारण एफ ८, आयएसओ १०० ला १/८ मिळेल असं धरा. सीपीएल लावला की १/३ च्या आसपास. एफ ११ केलंत की अर्ध्या सेकंदाच्या वर. म्हणजे नुसत्या सीपीएलने काम होतंय. एनडी घ्यायचाच झाला तर तीन स्टॉपचा, तोही नंतर.

पाणपाखरू
पहिल्याच दिवशी सांगितलं होतं! मापाचं बघा, लेन्सच्या पुढच्या कडेवर गोलाला तिरकी रेघ अशी खूण असते, तिच्यापुढचा आकडा तेच फिल्टरचं माप. आणि इंद्रधनुष्य दिसलं तर सीपीएल सांभाळून फिरवा. त्या कमानीचा उजेड ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणारा) असतो, फिरवत गेलात तर एका जागी समोरचा तुकडा चक्क नाहीसा होतो.

ओलीवाट
जाऊन आलो. सव्वासहाला पोचलो, सीपीएल मित्राचा नेला होता. पूल सोडून डाव्या काठाच्या खडकावर बसलो. एफ ११, आयएसओ १००, ०.६ सेकंद. लुकलुक फक्त वरच्या कड्यावर थोडी होती, शटर ०.४ केल्यावर गेली. कापडाची युक्ती वापरली, तरी तिसरा फोटो थेंबांनी गेला.

आत्ता कॉम्प्युटरवर एक फोटो शंभर टक्के मोठा करून बघतोय. झोताच्या डावीकडे एक धार खडकाच्या कपारीत शिरून दोन होते, आणि दोन्ही वेगळ्या दिसतात. खडकावरचं शेवाळ दिसतंय. कड एकच आहे.

बाटली नेली होती, खडूफळा. पुलावर ठेवली. एक कुत्रा पलीकडून चालत आला तरी पाणी हललं.

खडूफळा
फोटो टाका की!

कोरीपाटी
माझ्याकडेही तीच लेन्स आहे. सीपीएल लावून फोकस केला की फोकसबरोबर पुढची काच फिरते आणि फिल्टरही फिरतो. काय करू?

पाणपाखरू
आधी फोकस करा, मग लेन्स मॅन्युअलवर टाका, आणि फिल्टर सगळ्यात शेवटी फिरवा.